अक्षय तृतीयेचा पेला

वैशाख शुद्ध तृतीयेचा दिवस जैन घरांत वर्षीतपाच्या पारण्याने उजाडतो. तेरा महिन्यांहून अधिक काळ एक दिवस उपवास आणि एक दिवस आहार असा क्रम सांभाळलेल्या तपस्वींना त्या दिवशी इक्षुरस दिला जातो. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांना दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ कल्पनीय आहार मिळाला नव्हता. हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाचा रस अर्पण केला आणि प्रभूंनी तो आपल्या ओंजळीत स्वीकारला. त्या दानाच्या स्मरणाने ही तिथी आपल्यासाठी अक्षय झाली.

गेवराई तालुक्यात त्या दिवशी उसाच्या रसाची वाण नसते. जायकवाडीचा उजवा कालवा आणि गोदावरीचा काठ यांमुळे तालुक्यात ऊस उभा राहतो. धुळे–सोलापूर महामार्गावर उन्हाळाभर रसवंतीचे घुंगरू वाजत असतात. आमच्या घरच्या पारण्यालाही रस असाच ताजा काढून आणला होता. पाहुणे तीनशेच्या आसपास होते. सकाळी चहा, मग रस, जेवताना पाणी, जेवणानंतर पुन्हा पाणी; आणि दर वेळी नवा कागदी कप. तीनशे माणसांचे चार वेळा म्हणजे बाराशे कप झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाच्या मागे त्या कपांचा ढीग पडला होता आणि एक गाय त्यात तोंड घालून उभी होती. कपांच्या तळाशी रसाचा गोडवा राहिला होता. ती कप नुसते चाटत नव्हती, चावून गिळत होती. ज्या घरात दरवर्षी जीवदयेची पावती फाडली जाते, त्याच घराच्या पारण्याने तिच्या पोटात हे घातले, ही बोच मनातून जाईना. हा लेख त्या बोचणीतून लिहिला आहे.

कप आला कोठून?

वापरून फेकायचा कागदी पेला जन्मला तो स्वच्छतेच्या विचारातून, हे आधी मान्य केले पाहिजे. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शाळांत आणि रेल्वे स्थानकांवर पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेला एकच पेला असे. निरोगी आणि रोगी सारे त्यालाच तोंड लावीत. क्षयासारख्या रोगांच्या भीतीने १९०९ साली कॅन्सस राज्याने हा सामाईक पेला बंद केला आणि बोस्टनच्या लॉरेन्स ल्युएलेन यांनी त्याच सुमारास काढलेल्या कागदी पेल्याला बाजार मिळाला. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला तोंड लावू नये, हा विचार आपल्याला परका नाही.

आपल्याकडे मात्र हा कप दुसऱ्याच वाटेने शिरला. पूर्वी अनेक गावांत संघाची किंवा पंचायतीची स्वतःची भांडी असत. कोठीत पातेली, पराती, ताटे, पेले रचून ठेवलेले असत. कार्य ठरले की ती मोजून न्यायची आणि घासून मोजून परत द्यायची. कोठे पळसाच्या वाळल्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण असत. त्याही एकदाच वापरल्या जात. परंतु गुराने पत्रावळ खाल्ली तरी त्याला अपाय नव्हता आणि उकिरड्यावर पडली तरी काही महिन्यांत तिचे खत होई.

मग पाण्याचे दिवस बदलले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. बीड जिल्ह्यानेही तो उन्हाळा आणि पुढे २०१९ चा उन्हाळा टँकरच्या भरवशावर काढला. ज्या घरी पिण्याचे पाणी विकत येत होते, त्या घरच्या कार्यात तीनशे ताटे आणि सहाशे पेले कोण घासणार? भांडी घासणाऱ्या बायाही पूर्वीसारख्या मिळेनाशा झाल्या होत्या. आचाऱ्याने कप सुचविला आणि यजमानाने सुटकेचा श्वास घेतला. त्यात दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. पाऊस बरा झालेल्या वर्षांतही तो कप मात्र गेला नाही. अडचणीतला उपाय सवय होऊन बसला.

हीच गोष्ट दुकानांची. बाजारपेठेतल्या पेढीवर पूर्वी हॉटेलचा पोऱ्या तारेच्या जाळीत काचेचे ग्लास घेऊन येई आणि रिकामे ग्लास मोजून नेई. आता चहा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून येतो, सोबत कागदी कपांची चळत येते. संध्याकाळी दुकान वाढवताना केरात सर्वांत जास्त काय निघते, ते प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे.

कागदी म्हणजे निर्दोष नव्हे

कागद पाण्यात विरघळतो, तरी कागदी कपातून गरम चहा गळत नाही. कारण कपाच्या आतल्या बाजूस प्लास्टिकचा, बहुधा पॉलिथिनचा, पातळ थर चिकटवलेला असतो. कागद आणि प्लास्टिक एकमेकांपासून वेगळे करणे सामान्य कारखान्याला परवडत नाही. म्हणूनच रद्दी, पुठ्ठा, लोखंड, पितळ सारे तोलून घेणारा भंगारवाला या कपांकडे पाहतही नाही. ते गटारीत जातात, शेताच्या बांधावर उडतात किंवा सकाळी कचऱ्यासोबत जाळले जातात आणि त्यांचा धूर शेजाऱ्यांच्या घरात शिरतो.

खरगपूरच्या आयआयटीतील प्राध्यापिका सुधा गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली या थराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमानाचे १०० मिलिलीटर पाणी कागदी कपात १५ मिनिटे ठेवले असता त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरल्याचे त्यांना आढळले. दिवसातून तीन वेळा असा चहा घेणाऱ्याच्या पोटात ७५,००० कण जाऊ शकतात, असा त्यांचा हिशेब होता. या कणांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, याचा अभ्यास जगभर चालू आहे. परंतु जो समाज पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावीत नाही, त्याने गाळलेले पाणी ज्या भांड्यात ओतायचे त्या भांड्याची चौकशी करू नये, हे विसंगत आहे.

जनावरांची गोष्ट याहून कठीण आहे. गाय रवंथ करणारा प्राणी आहे. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात प्लास्टिक साचत जाते. ते पचत नाही आणि बहुतेक वेळा बाहेरही पडत नाही. वर्षानुवर्षे त्याचे गोळे होतात, भूक मंदावते, दूध आटते आणि अखेर शस्त्रक्रियेवाचून उपाय उरत नाही. गोशाळेला चारा देणारे हात आणि रस्त्यावर कप फेकणारे हात एकच असतील, तर एका हाताचे पुण्य दुसरा हात खर्च करीत आहे.

कायदाही याबाबत मुका नाही. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या कप-ताटल्यांवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद होती. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तू देशभर बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी कप-ताटल्यांनाही बंदीच्या कक्षेत आणले. तरी कप विकले जातात आणि आपण ते विकत घेतो. श्रावकाने राज्याचा नियम दंडाच्या भयाने पाळावा, ही अपेक्षाच मुळात कमी प्रतीची आहे. त्याच्याजवळ त्याहून जुना नियम आहे.

व्रतांच्या चौकटीत पेला

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण हे एक व्रत आहे. संसार चालवताना काही हिंसा अटळ असते. स्वयंपाक, शेती, व्यापार यांत ती घडते आणि श्रावक ती मर्यादेत ठेवतो. तो झाला अर्थदंड. परंतु जी हिंसा केल्यावाचून काहीही अडत नाही, जी केवळ आळसाने किंवा बेफिकिरीने घडते, ती अनर्थदंड होय. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या अनर्थदंडाचा एक प्रकार प्रमादचर्या असा सांगितला आहे. निष्कारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वनस्पती तोडणे यांचा त्यात समावेश होतो. घरात स्टीलचे डझनभर पेले असताना दोन घोट चहासाठी झाडाचा कागद आणि खनिज तेलाचे प्लास्टिक खर्ची घालणे हे या व्याख्येत किती चपखल बसते, हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

मुनींच्या पाच समितींकडे पाहावे. त्यांपैकी आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाळायची जतना. उत्सर्ग समिती, जिला श्वेतांबर परंपरेत पारिष्ठापनिका समिती म्हणतात, ती म्हणजे टाकाऊ वस्तू कोठे आणि कशी टाकावी याचा विवेक. पाचांपैकी एक समिती पूर्णपणे टाकण्यासाठी राखून ठेवावी, एवढे महत्त्व आपल्या आचार्यांनी या गोष्टीला दिले. टाकलेली वस्तू दृष्टीआड झाली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे त्यांनी मानले नाही.

आणि पात्राचा विचार करावयाचा तर आदर्श आपल्या दारीच येतो. दिगंबर मुनी पाणिपात्र असतात; ओंजळ हेच त्यांचे पात्र. श्वेतांबर साधू-साध्वी मोजकी काष्ठपात्रे बाळगतात, ती स्वतः वाहतात, स्वतः स्वच्छ करतात आणि वर्षानुवर्षे जपतात. विहार करणारे साधू-साध्वी महामार्गाच्या कडेने चालताना दिसतात, तेव्हा त्यांच्या झोळीत ही पात्रे असतात. त्यांना वंदन करून वळल्यावर आपण शेजारच्या टपरीवर कागदी कप उचलतो आणि पिऊन झाल्यावर त्याच रस्त्याच्या कडेला टाकतो.

पाण्याचा खरा प्रश्न

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. पेला धुवायचा म्हणजे पाणी लागणार. पाण्यात अप्काय जीव आहेत आणि बीड जिल्ह्यात पाणी तसेही कमी आहे. मग कप वाचवून पाणी खर्च करण्यात कोणती अहिंसा?

पहिली गोष्ट, कागद तयार होतानाही पाणी लागतेच. फक्त ते आपल्या टाकीतले नसते, म्हणून आपल्या हिशेबात धरले जात नाही. दुसरी गोष्ट, धुण्याचा खर्च किती येतो याचा विचार शास्त्रज्ञांनी केलेला आहे. कॅनडातील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ साली ऊर्जेचा हिशेब मांडला. कागदी कपाच्या तुलनेत काचेचा पेला सुमारे १५ वेळा आणि चिनीमातीचा कप ३९ वेळा वापरला की बरोबरी होते आणि त्यापुढचा प्रत्येक वापर लाभाचा ठरतो. थर्माकोलच्या हलक्या कपाशी तुलना केली तेव्हा हा आकडा फार मोठा आला होता. पण थर्माकोल आपल्या राज्यात बंद आहे. शिवाय तो हिशेब गरम पाण्याच्या यंत्रात भांडी धुणाऱ्या देशाचा होता. यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी : नवा सुंदर पेला विकत आणून कपाटात ठेवला तर तो केवळ परिग्रह ठरेल. घरात असलेला पेला रोज वापरणे हाच लाभ.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या घरातच आहे. आमच्या आजी जेवण झाले की ताटात थोडे पाणी घेत, बोटाने ताट स्वच्छ करीत आणि ते पाणी पिऊन टाकीत. मग ताट फडक्याने पुसून ठेवीत. लहानपणी आम्हाला त्याचे हसू येई. उष्टे तसेच राहिले तर अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, म्हणून ही दक्षता, असे त्या सांगत. त्या दक्षतेचा दुसरा लाभ आज कळतो. अन्नाचा कण वाया जात नव्हता आणि ताट घासायला नाममात्र पाणी लागत होते. चहा किंवा रस संपल्यावर पेल्यात दोन घोट पाणी घ्यावे, फिरवावे आणि पिऊन टाकावे. पेला तिथेच जवळजवळ स्वच्छ होतो. पारण्याच्या मंडपामागे कोणत्याही गायीसाठी गोडवा उरत नाही.

स्थानकवासी कुटुंबांना धोवन पाणी नवे नाही. राखेने घासलेली भांडी ज्या पाण्याने विसळली, ते पाणी अचित्त म्हणून निवळून, गाळून साधू-साध्वींच्या गोचरीसाठी ठेवले जाते. भांडी विसळलेल्या पाण्यालाही इतक्या आदराने जपणारा समाज पाण्याच्या भीतीने कपाकडे वळला, हे खरोखर आश्चर्य आहे.

मोठ्या कार्यात तीन टबांची रीत सोपी पडते. पहिल्या टबात साबणाचे किंवा राखेचे पाणी, दुसऱ्यात विसळण्याचे, तिसऱ्यात स्वच्छ गाळलेले पाणी. पहिले गढूळ झाले की ते ओतावे, दुसरे पहिल्याच्या जागी घ्यावे, तिसरे दुसऱ्याच्या. वाहत्या नळाखाली एकेक पेला धुण्यापेक्षा यात पाणी पुष्कळ कमी लागते. राखेचे विसळलेले पाणी झाडांना घालता येते.

इतरांनी काय केले

केरळमध्ये २०१५ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा ‘ग्रीन प्रोटोकॉल’ या नावाने वापरून फेकायची भांडी टाळण्याचा नियम केला गेला आणि पुढे तेथील लग्नकार्यांतही तो रुजत गेला. बेंगळुरूच्या अदम्य चेतना संस्थेने स्टीलच्या ताट-पेल्यांची ‘प्लेट बँक’ चालविली. कार्य असलेल्यांनी भांडी न्यावी आणि परत करावी. २०२५ च्या प्रयागराज कुंभमेळ्यात ‘एक थाली, एक थैला’ या मोहिमेतून स्टीलची ताटे आणि कापडी पिशव्या पोहोचविण्यात आल्या. जर्मनीतील फ्रायबर्ग शहराने २०१६ मध्ये कॉफीसाठी परत करावयाचा पेला काढला : एक युरो अनामत ठेवावी, पेला घ्यावा, शहरातील सहभागी असलेल्या कोणत्याही दुकानात तो परत देऊन अनामत न्यावी.

या कल्पना पाहून आपल्याला आपलीच जुनी व्यवस्था आठवते. गोटी सोड्याची बाटली दुकानात परत द्यावीच लागे. ‘प्लेट बँक’ म्हणजे संघाची भांड्यांची कोठी. पेल्यावर यजमानाचे नाव कोरून घेण्याची आपली पद्धत तर हरवलेले भांडे घरी परत आणण्यासाठीच होती.

आपण काय करावे

हा विषय केवळ चांगल्या विचारांवर सोडला तर पुढच्या कार्यात पुन्हा कपच येतील. म्हणून काही गोष्टी ठरवून कराव्यात.

पहिली, चातुर्मासात प्रवचनानंतर जी प्रभावना वाटली जाते, तिच्यात एकदा स्टीलचा पेला द्यावा. ज्यांच्या घरी तो आधीच आहे त्यांनी नम्रपणे नाकारावा, म्हणजे परिग्रहही वाढणार नाही. त्या दिवसापासून स्थानकात आणि मंदिराच्या कार्यालयात येताना प्रत्येकाने आपला पेला आणावा.

दुसरी, संघाने भांड्यांची कोठी पुन्हा सुरू करावी. तिचा हिशेब ठेवणारा एक कार्यकर्ता नेमावा आणि भांडी केवळ आपल्याच नव्हे, गावातील कोणाच्याही कार्याला द्यावीत. स्वतःचा पेला ही जतना आहे, दुसऱ्याच्या पेल्याचा विटाळ नव्हे. आपल्या देशात चहाच्या टपरीवर वेगळे ठेवलेले पेले एका मोठ्या समाजाच्या अपमानाचे कारण झाले आहेत. त्या वाटेने आपला पेला कधीही जाऊ नये.

तिसरी, धुण्याचे काम केवळ स्त्रियांवर किंवा रोजंदारीच्या बायांवर ढकलू नये. प्रत्येकाने, पुरुषांनीही, आपला पेला आपण विसळावा. ज्या भगिनी मोठी भांडी घासतात, त्यांना योग्य मजुरी आणि बसण्यासाठी सावली द्यावी. कपांवरचा खर्च वाचतो, तो त्यांच्या हाती गेला तर त्याहून चांगला विनियोग कोणता?

चौथी, प्रत्येक पेढीवर सहा काचेचे ग्लास ठेवावेत आणि चहावाल्याला किटलीतच चहा आणावयास सांगावे. टपरीवर काचेचा ग्लास मागावा. तो नीट धुतलेला नसेल, तर रागावण्याऐवजी दोन बादल्यांत ग्लास धुण्याची सूचना करावी. रोज येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांनी मागणी केली तर चहावाला ऐकतो, कारण कपांचा खर्च त्यालाही नकोच असतो. प्रवासाच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीसोबत एक पेला असावा.

पाचवी, ज्यांना जमेल त्यांनी चातुर्मासापुरते वापरून फेकायच्या कपाचे पच्चक्खाण घ्यावे. चौदा नियमांत आपण द्रव्यांची, वस्त्रांची, वाहनांची मर्यादा रोज धारतो. तिच्या शेजारी ही एक मर्यादा सहज बसेल. चार महिने पाळलेला नियम पाचव्या महिन्यात आपोआप अंगवळणी पडलेला असतो.

येत्या अक्षय तृतीयेला आमच्या घरी पुन्हा एक पारणे आहे. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी या वेळी एक ओळ छापली जाईल : ‘कृपया येताना आपला पेला सोबत आणावा.’ काहींना ते विचित्र वाटेल, काहीजण विसरतील. त्यांच्यासाठी शेजारच्या घरांतून पन्नास-साठ पेले गोळा करून ठेवण्याचे ठरले आहे. आजींच्या लग्नातले, नाव कोरलेले चार पितळी पेले माळ्यावरून काढून, कल्हई करून आणले आहेत. पहिला इक्षुरस तपस्वींना त्यांतूनच दिला जाईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपामागे जाऊन पाहण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे.